‘लाइन’ या शब्दाखाली

अमरावती
१४ सप्टेंबर २०२३

चि. सौ. रागिणी,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट पोचलं, उघडलं आणि कपाळाला हात लावला. मी काय मागितलं होतं? इंग्रजीतून आलेला ‘लाइन’ हा एकच शब्द घे आणि तुमच्या हिवरखेडात तो कोण, कुठं, कसा वापरतं ते वाक्यासकट लिहून पाठव. तू पाठवलंस काय, तर ‘लाइन म्हणजे रांग, लाइन म्हणजे रेघ.’ एवढं मला कोशातही सापडतं गं. त्यासाठी भाची कशाला पाहिजे?

पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून झाली, आता वऱ्हाडात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचं पुस्तक करतो आहे हे तुला ठाऊकच आहे. दोनशे अकरा शब्दांची कार्डं झाली. ‘टेन्शन’ची एकट्याची अकरा आहेत. हा ‘लाइन’ तेवढा अडून बसलाय. इथली माणसं मला पाहिलं की जपून बोलायला लागतात. परवा भाजीवाल्या केशरबाईला मुद्दाम विचारलं, तर ती मला ‘रांग’ म्हणाली. जन्मात कधी ती रांग म्हणाली नसेल.

तेव्हा तू बोलतेस तसंच लिही. तुझं वऱ्हाडी मला हवं आहे, निबंध नको. आणि फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं भरतो. कागदावर पाहिजे.

तुझी आई परवा येऊन गेली. सासऱ्यांनी तुला अर्धा एकर झेंडूसाठी दिला म्हणून फार खुशीत होती. झाडं कशी आहेत?

तुझा
खुशालमामा


हिवरखेड
२७ सप्टेंबर २०२३

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मले हासूही आलं अन् रागही आला. बोलल्यासारखं लिही म्हनता, तर मंग लाल शाई काढू नोका. घ्या तुमचा शब्द.

सोमवारी दुपारी लाइन आली. आमच्याकडे वीज आली असं कोनीच म्हनत नाई, लाइन आली, लाइन गेली. तर लाइन आली अन् दोन मिनिटांत शेतातल्या डीपीतून, म्हनजे ट्रान्सफॉर्मरातून, धूर निघाला. आमच्यासकट आठ जनायच्या विहिरींवरच्या मोटरी त्या एका डीपीवर चालतात. लाइनमनले बोलावलं. तो वर चढला, खाली उतरला अन् जळाली म्हने, नवी बसवा लागते. कधी बसन ते विचारलं तर म्हने माझ्या लाइनीतलं काम नाई, वर बोला. झाली का तुमची चार वाक्यं?

आता माझं ऐका. बारा वर्षांत या घरात मी पहिल्यांदा काही मागतलं. अकोटच्या बाजाराले जाऊन पाहून आली होती, दसऱ्याच्या आधी दोन दिवस झेंडूले जो भाव येते तो तुरीले कधीच येत नाई. सासरे आधी नाईच म्हनले. मंग म्हनले, “हा एक दसरा देतो. फुलं अकोटले गेली तर वावर तुह्यं. नाई गेली तर हरभरा पेरीन अन् पुन्हा हा विषय काढायचा नाई.” हे तिथंच बैलायले कडबा टाकत होते. दसरा चोवीस तारखेले हाय. झाडं गुडघ्याइतकी झाली, कळ्या धरून राहिली. विहिरीत पानी हाय अन् वर काढता येत नाई.

तुमचा किशोरदादा अकोल्याले वीज ऑफिसात इंजिनिअर हाय. तुमी त्याले एक शब्द टाका ना. मी कधी काही मागतलं नाई तुमाले. फोन यांच्याजवळ असते, तरी मी दोनदा केला होता तुमाले, तुमी उचलला नाई.

रागिणी


अमरावती
३ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. रागिणी,

वा. याला म्हणतात नोंद. ‘माझ्या लाइनीतलं काम नाई’ हे तर सोनं आहे. म्हणजे धंदा, अधिकार आणि जबाबदारी टाळणं, तिन्ही एका शब्दात. मी त्या लाइनमनला पुस्तक भेट देणार आहे, त्याचं नाव कळव.

पण तू घाई केलीस. ‘पोरगा लाइनले लागला’ असं नोकरी मिळाल्यावर म्हणतात की लग्न ठरल्यावर? आमच्या वलगावात दोन्हीला म्हणायचे. ‘लाइनवर ये’ हे दटावताना म्हणतात का? ‘त्याची वर लाइन आहे’ म्हणजे ओळख आहे, असं इथं एक रिक्षावाला म्हणाला, ते तुमच्याकडे चालतं का? आणि पोरं पोरींच्या मागे लागतात तेव्हाचा जो प्रयोग आहे, तो मला ठाऊक आहे, त्याचं उदाहरण पाठवायचं कारण नाही.

मजकूर छापखान्यात दिवाळीआधी द्यायचा आहे. तो माणूस रोज निरोप पाठवतो. लवकर लिही.

ता. क. डीपीचं किशोरला सांगितलं आहे. पाहतो म्हणाला. काळजी करू नकोस.

खुशालमामा


हिवरखेड
९ ऑक्टोबर २०२३

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र आलं तवा मी वावरात होती. ता. क. तिथंच बांधाच्या धुऱ्यावर बसून दोनदा वाचला, इतकं बरं वाटलं.

त्याच दिवशी शेजारच्या वावरातले पंजाबराव भाऊ अन् बाकीचे सहाही जन तालुक्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन निघाले होते. आठ जनायच्या सह्या झाल्या होत्या. मी सासऱ्यायले सांगतलं की किशोरदादा पाहून राहिला. त्यायनं सगळ्यायले थांबवलं. म्हने साहेब आपल्या घरचाच हाय, कायले गाडीभाडं घालता. पंजाबराव भाऊनं अर्ज घडी करून खिशात ठेवला. सासरे त्या दिवशी जेवताना माह्या माहेरचं कौतुक करत होते. बारा वर्षांत ते पन पहिल्यांदाच.

पन मामा, त्याले आता चार दिवस झाले. कोनी आलं नाई. ऊन असं पडते की दुपारी झाडाकडं पाहवत नाई. मी अन् हे बैलगाडीवर दोन ड्रम टाकून गावातल्या नळाचं पानी नेतो, एकेका झाडाले तांब्यातांब्यानं. अर्ध्या वावराले पुरते, अर्ध्याले नाई. किशोरदादा नेमकं काय म्हनला ते लिहा. कोनत्या दिवशी, ते सांगा.

तुमचे शब्द: नोकरी लागल्यावर म्हनतात. दटावतानाही म्हनतात. वर लाइन हाय, असंही म्हनतात, सध्या आमच्या घराबद्दलच म्हनून राहिले.

रागिणी


अमरावती
१३ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. रागिणी,

पत्र मिळालं. सरकारी काम आहे, त्याला वेळ लागायचाच. किशोरच्या मागे शंभर कामं असतात, मला त्याला रोज विचारता येत नाही. तूही जरा धीर धर. तुमच्या पिढीला सगळं आजच्या आज पाहिजे.

माझ्या मते तुम्ही रीतसर अर्जसुद्धा करून ठेवावा. कागद असलेला बरा.

‘घरबसल्या लाइन लागते’ असा एक प्रयोग कुणीतरी सांगितला, तो मला पटत नाही. तुझ्या कानावर आला आहे का? तसंच, मागच्या पत्रातली वाक्यं फार तुटक आहेत. कोण कुणाला म्हणालं, ते लिहीत जा. नुसतं ‘म्हनतात’ याला नोंद म्हणत नाहीत.

इथं माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. छापखान्याने ‘लेट’च्या पानावर ‘लेटर’चा मजकूर लावला.

खुशालमामा


हिवरखेड
१८ ऑक्टोबर २०२३

मामा,

काल मी अकोल्याले जाऊन आली. तुमचं पत्र वाचलं अन् मले शंका आली. आधी काळजी करू नको, अन् आता अर्ज करा? मी आमच्या यायले म्हनलं, मी जाते. सकाळची एस. टी. धरली.

किशोरदादाच्या ऑफिसात दोन तास बसली. त्यानं मले ओळखलं, चहा पाजला, वहिनीची पोट्ट्यायची सगळी हकिगत सांगतली. मी म्हनलं, दादा, मामांनी तुले आमच्या डीपीचं सांगतलं होतं ना. त्यानं कप खाली ठेवला. मंग म्हनला, “रागिणी, बाबा माझ्याशी दोन वर्षं झाली बोलले नाहीत.”

त्यानं तिथल्या तिथं कॉम्प्युटर उघडून पाहिलं. आमच्या डीपीचा अर्जच नाई. ज्यायनं सप्टेंबरात अर्ज दिला त्यायच्या बसल्या. आता आज अर्ज आला तर आमच्या पुढं सहा हायत. मी म्हनलं, दादा, काही करता येते का. तो म्हनला, पुढच्या सहा जनायचंही वावरच सुकून राहिलं. खरंच होतं ते.

मंग त्यानं विचारलं की डीपी जळाली कशी. सगळ्यायच्या मोटरीले ऑटो होते का? मी खरं सांगतलं. होते. लाइनचा भरवसा नसते, म्हनून आठही जन मोटरच्या पेटीले ऑटो लावून घरी येतात, की लाइन आली की मोटर आपोआप चालू व्हावी. त्या दिवशी आठही मोटरी एका दमात उठल्या अन् डीपी गेली. त्यात माह्या झेंडूची पन होती. हे मी तुमाले लिहिलं नव्हतं, कारन मले त्याची लाज वाटत होती. म्हनजे मीही लपवलं. पन मी लपवलं त्यानं कोनाचं झाड सुकलं नाई.

येताना तालुक्याले उतरून अर्ज दिला. पंजाबराव भाऊच्या खिशातलाच, घड्या पडलेला. तारीख खोडून नवी टाकली.

मामा, तुमी नाई म्हनले असते तर मी त्याच दिवशी अर्ज दिला असता. मले एवढंच सांगा, काहून लिहिलं तुमी तसं?

रागिणी


अमरावती
२१ ऑक्टोबर २०२३

चि. रागिणी,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. उत्तर चार वेळा लिहून फाडलं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या शाळेतल्या एका जुन्या सोबत्याचं काम होतं. मी त्याला म्हटलं, माझी चिठ्ठी घेऊन जा, पोरगा माझ्या शब्दाबाहेर नाही. किशोरने चिठ्ठी वाचली आणि त्याला म्हणाला, अर्ज करा, नंबर आला की होईल. तो सोबती परत येऊन चार माणसांत हसत म्हणाला, मास्तर, तुमचं घरात चालत नाही वाटतं. त्या दिवसापासून मी किशोरशी बोलणं टाकलं. त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. पुढे कुणाचेच उचलेनासा झालो. ऐकू येत नाही हे कारण बरं पडलं. मला बऱ्यापैकी ऐकू येतं.

तुझं डीपीचं पत्र आलं तेव्हा मी फोन हातात घेतला होता. किशोरचा नंबरही काढला. पण आधी मी बोलायचं, तेही काम मागायला, हे काही जमेना. आणि तुला ‘माझं त्याच्याशी बोलणं नाही’ असं लिहायची लाज वाटली. वाटलं, आठवडाभरात होईलच त्यांची डीपी, कुणाला कळणार आहे. म्हणून ती ओळ लिहिली. तुम्ही अर्ज थांबवाल हे डोक्यातच आलं नाही. आणि तुझ्या पत्रातून ते कळलं, तेव्हाही मी खरं लिहिलं नाही. उलट तुलाच धीर धर म्हणालो. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

याहून जास्त काय लिहू. मी चुकलो.

खुशालमामा


हिवरखेड
३० ऑक्टोबर २०२३

मामा,

दसरा झाला. एक फूल अकोटले गेलं नाई. दारच्या तोरनाले मी पंजाबराव भाऊनं इकत आनलेल्यातली फुलं मागून आनली, अर्धा एकर झेंडू लावून.

डीपी गुरुवारी, सव्वीसले बसली. दसऱ्याच्या दोन दिवसांनी. लाइन यायच्या आधी मी आठही पेट्यांपाशी गेली अन् सगळ्यायले म्हनलं, ऑटो काढा, पाळी लावून मोटरी चालवू. बाईमानूस सांगते म्हनून दोघं जन हासले, पन काढले. आता चालून राहिल्या चांगल्या.

पानी भेटलं अन् झाडायनं जीव धरला. कळ्या भरून राहिल्या. आठ दिवसांत वावर पिवळं होते. लक्ष्मीपूजन बारा तारखेले हाय, तवाही झेंडूले भाव असते. मी सासऱ्यायले म्हनलं, दिवाळीवर द्या. ते म्हनले, बोली दसऱ्याची होती. ट्रॅक्टर सोमवारी सहा तारखेले सांगतला हाय, हरभऱ्याची पेरनी लांबून राहिली. घरात सगळे हेच म्हनतात की रागिणीनं अर्जाकडं पाहिलंच नाई, माहेरच्या गप्पा सांगत बसली. हेही आता तसंच म्हनतात.

तुमचं एकवीस तारखेचं पत्र माह्या पेटीत हाय. मी ते कोनालेच दाखवलं नाई. मामानं खोटं लिहिलं असं या घरात माह्या तोंडून निघनार नाई. पन सासऱ्यायले जर समजलं की अर्ज कशानं राहिला, तर ते थांबतील. ते कडक हायत, अन्यायाचे नाईत. बोली मोडली ती मी मोडली नाई, एवढं त्यायले कोनीतरी सांगा लागते. अन् ते तुमीच सांगू शकता.

या, नाई तर फोन करा. सोमवारच्या आत. मले बाकी काही नको.

रागिणी


अमरावती
३ नोव्हेंबर २०२३

श्री. किसनरावजी यांस,

सप्रेम नमस्कार. आपल्या सूनबाईचं, रागिणीचं पत्र काल मिळालं. हे मी फोनवर सांगायला हवं होतं. तुमचा नंबर दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. जे फोनवर तोंडातून निघत नाही ते कागदावर लिहितो.

डीपीचा अर्ज बारा दिवस राहिला तो माझ्यामुळे. ‘किशोरला सांगितलं आहे’ असं मी रागिणीला लेखी कळवलं. ते खोटं होतं. मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं, आमचं बोलणंच बंद आहे. तिने माझ्यावर विश्वास ठेवून तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही तिच्यावर ठेवून अर्ज थांबवला. तुम्हा दोघांचं यात काही चुकलं नाही. तिने माझं पत्र तुम्हाला दाखवलं नाही, माहेरची अब्रू राखली. ती राखण्यासारखी मी ठेवली नव्हती.

तुमच्या घरच्या वावराबद्दल मी बोलणं बरं नाही. पण दसऱ्याची बोली तिने मोडलेली नाही. दिवाळीपर्यंत तिला मुदत मिळावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आपला
खुशालराव


हिवरखेड
९ नोव्हेंबर २०२३

मामा,

तुमचं पत्र मंगळवारी पोचलं. ट्रॅक्टर सोमवारी येऊन गेला.

सोमवारी पहाटे मी, माह्या जाऊबाई अन् शेजारची गंगूबाई मिळून जेवढं उमललं होतं तेवढं तोडलं. चार पोते भरले. बाकी कळ्याच होत्या, चार-सहा दिवसांनी फुलल्या असत्या. ट्रॅक्टरवाल्यानं मले दोनदा विचारलं, बाई, चालवू का. मी म्हनलं, मले कायले विचारतो. सासरे धुऱ्यावर उभे होते. अर्धं वावर झालं तवा ते घरी निघून गेले, पूर्न पाहिलं नाई त्यायनं.

मंगळवारी पोस्टमननं पाकीट त्यायच्याच हातात दिलं. त्यायनं ओट्यावर बसून वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मले हाक मारली. मले वाटलं आता तुमच्यावर तोंड टाकतील, पन तसं नाई. त्यायनं पत्राची घडी केली अन् पाकिटात घातली. मंग म्हनले, “हे मास्तरनं रविवारी फोनवर सांगतलं असतं, तर मी ट्रॅक्टर परत धाडला असता.”

मी आत येऊन चुलीपाशी बसली अन् रडली. तुमच्या खोट्यावर मी नव्हती रडली एवढी. खरं सांगाले बसले तवाही तुमी कागदच घेतला हातात, मामा. अमरावतीहून इथं दिवसातून चार गाड्या येतात.

रात्री जेवताना सासरे आमच्या यायले म्हनले, रागिणीचं काही चुकलं नव्हतं. सगळ्यायच्या समोर म्हनले. हे खाली मान घालून जेवत होते. मले म्हनले, पुढच्या आखाडीत, आषाढातल्या पेरनीले, वावर मागजो. देईन असं नाई म्हनले, मागजो म्हनले. तिथं आता हरभरा पेरला हाय.

पुस्तकात माह्यी वाक्यं टाकायची तर टाका. आता नवीन पाठवनार नाई.

किशोरदादाचा काल फोन आला होता, फुलायचं काय झालं ते विचाराले. तुमी त्याले अजून फोन केला नाई म्हनला. मी रागावली हाय, अन् हे लिहून तो राग काही जात नाई. उद्या सकाळी नऊ वाजता मी यायच्या फोनवरून तुमाले फोन करीन. उचलजा.

रागिणी